दहावीनंतर अमेरिका: शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट

ताई, तुमची मुलगी मुलुंडला दहावीत आहे, मिस्टरांना एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) सिअॅटलची नोकरी मिळाली आहे. तिला बारावीपर्यंत मुंबईत ठेवावं की आत्ताच सोबत न्यावं, असं तुम्ही विचारलंय. शाळेतच कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या कोर्सचे पदवीत मोजले जाणारे गुणांक, मिळतात हे खरं का, हेही. मी मूळची गिरगावची, आता सिअॅटलजवळ बॉथेलला असते. माझा मुलगा याच वाटेनं गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सांगते: दहावी संपली की लगेच आणा. बारावीनंतर आली तर ही सोय तिच्या हातून जाईल.

वॉशिंग्टन राज्यात १९९०पासून 'रनिंग स्टार्ट' म्हणून योजना आहे. अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) जाऊन वर्ग करतात, तेच क्रेडिट शाळेतही धरले जातात आणि कॉलेजातही. पाच क्रेडिटचा एक कॉलेज कोर्स म्हणजे शाळेचा एक क्रेडिट. ट्यूशन फी माफ असते. पुस्तकं, किरकोळ फी आणि जाण्यायेण्याचा खर्च आपला. नव्वद क्रेडिट झाले की असोसिएट डिग्री, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं आटोपली. आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला जातात, साधारण तसंच, फक्त इथे शाळा सुटत नाही.

तुमच्यासाठी याचं महत्त्व व्हिसामुळे जास्त आहे. मुलगी एच-४वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) येईल आणि तो दर्जा एकविसाव्या वर्षी संपतो. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे ते तुम्ही ऐकलंच असेल. बाविसाव्या वर्षी पदवी घ्यायची म्हटलं तर मध्येच एफ-१वर (विद्यार्थी व्हिसावर) जावं लागतं आणि फी परराज्यातल्या दरानं पडू शकते. तीच मुलगी अठराव्या वर्षी नव्वद क्रेडिट घेऊन बाहेर पडली, तर विसाव्या वर्षी पदवी हातात येऊ शकते. सरकारी शिष्यवृत्ती आणि कर्ज एच-४वाल्यांना केंद्राकडून मिळत नाही, त्यामुळे ती दोन वर्षं वाचणं फार मोठी गोष्ट आहे.

पण हे क्रेडिट सगळीकडे सारखे चालत नाहीत. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत सहसा अडचण येत नाही, आणि अर्ज फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा विद्यार्थी) म्हणूनच करायचा असतो. नावाजलेल्या खासगी कॉलेजांचे नियम वेगळे. तिथे जायचं मनात असेल तर एपीचे (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय घ्या. त्याची परीक्षा मे महिन्यात होते आणि गुण १ ते ५मध्ये मिळतात. आणखी एक: कॉलेजातला ग्रेड कायमचा तिच्या नावावर राहतो. पुढे कुठेही अर्ज केला तरी ती ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रिका) द्यावीच लागते. म्हणून पहिल्या क्वार्टरला (साधारण तीन महिन्यांच्या सत्राला) एकच कोर्स घ्या, तोही तिचा हातखंडा असलेल्या विषयाचा. नवा देश, नवी बस, नवे उच्चार, त्यात तीन कोर्स नकोत.

कॉलेजात पालकसभा नसते. मूल सोळा वर्षांचं असलं तरी तिथल्या नोंदींवर हक्क त्याचाच, त्यामुळे प्राध्यापक सहसा आपल्याशी बोलत नाहीत. माझ्या मुलाला एका निबंधात कमी गुण पडले तेव्हा ऑफिस अवर्समध्ये (प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत) जाऊन त्यालाच विचारावं लागलं. दर क्वार्टरला शाळेच्या काउन्सेलरची फॉर्मवर सहीही लागते, तीही तोच धावपळ करून आणायचा. मुंबईत आपण मुलांची क्लासची फीसुद्धा स्वतः जाऊन भरतो. इथे तसं चालत नाही, आणि मला ते चांगलंच वाटतं.

हाताला काम शिकवणारी शाखाही आहे. स्किल्स सेंटरमध्ये अर्धा दिवस वेल्डिंग, ऑटोमोबाइल, नर्सिंग असिस्टंट असे कोर्स चालतात. बायफोकल (अकरावी-बारावीचे व्यावसायिक विषय) आपण जसं मार्कांसाठी घेतो तसं नाही. तिथून मुलं खरोखर कामाला लागतात. तुमच्या मुलीला शिकता येईल, पण एच-४वर पगारी काम करता येत नाही, एवढं तिला आधीच सांगून ठेवा.

आता मुंबईतली कामं. शाळा पूर्ण करायला इथे शाळेचे चोवीस क्रेडिट लागतात आणि नववी-दहावीही त्यात मोजतात. त्यामुळे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागवू नका. नववी-दहावीचे विषयवार गुण लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, इंग्रजीत, दोन-तीन प्रतींत घ्या. श्रेणी विषय आवर्जून लिहून घ्या: शारीरिक शिक्षण आणि कला यांचेही इथे क्रेडिट लागतात. चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली असेल तर ती प्रमाणपत्रंही आणा. हिंदी चांगलं असेल तर बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांत) परीक्षा देऊन भाषेचे क्रेडिट मिळवता येतात. लसींची नोंद डॉक्टरांकडून तारखांसह घ्या, एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस तर हवेतच.

अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरावा का, हेही विचारलंय. भरा. व्हिसाची अपॉइंटमेंट पुढे गेली तर तिची सीट तरी राहील. मात्र इथली शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होते, तेव्हा ऑगस्टच्या मध्यापर्यंत पोचायचं बघा.