पिक्सेलची ने-आण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सी भाषेत विंडोजच्या जीडीआयवर (चित्र काढायच्या फंक्शनांच्या संचावर) छोटा गेम लिहितोय. थेट खिडकीत काढलं की चित्र लुकलुकायचं, म्हणून आधी मेमरी डीसीत (पडद्याऐवजी मेमरीत चित्र काढायच्या जागेत) काढून मग बिटब्लिट करायला, म्हणजे ते पिक्सेल एकदम खिडकीत उतरवायला लागलो. लुकलुकणं थांबलं, पण सगळे रंग गेले. नुसतं काळं-पांढरं दिसतं. – डिप्लोमाचा विद्यार्थी, सातारा

उत्तर: तुमचं बिटब्लिट ठीक असणार. घोळ त्याच्या दोन ओळी आधी, क्रिएट-कंपॅटिबल-बिटमॅपमध्ये आहे. त्याला तुम्ही मेमरी डीसी दिलाय. नवा मेमरी डीसी तयार होतो तेव्हा त्यात १ × १ पिक्सेलचा, दर पिक्सेलला एकच बिट असलेला, म्हणजे फक्त काळा-पांढरा बिटमॅप (पिक्सेलचा साठा) बसवलेला असतो. ‘याच्याशी जुळणारा बिटमॅप दे’ म्हटल्यावर विंडोज इमानदारीत एका बिटाचाच देते. तिथे खिडकीचा डीसी द्या, रंग परत येतील.

हाताशी असू द्या म्हणून पूर्ण क्रम सांगतो. बिगिन-पेंटकडून खिडकीचा डीसी घ्या, त्यावरून मेमरी डीसी करा आणि त्याच खिडकीच्या डीसीवरून बिटमॅप करा. सिलेक्ट-ऑब्जेक्टने तो मेमरी डीसीत बसवताना जे जुनं हँडल (आधीच्या बिटमॅपची ओळख) परत मिळतं, ते जपून ठेवा. मग चित्र काढा, बिटब्लिट करा, जुनं हँडल परत बसवा, बिटमॅप डिलीट करा, मेमरी डीसी डिलीट करा आणि शेवटी एंड-पेंट. बिटमॅप डीसीत बसलेला असताना त्याला डिलीट करायला जाऊ नका.

हे डिलीट विसरलं तर पहिली दोन मिनिटं काहीच कळत नाही. एका प्रोसेसला जीडीआय ऑब्जेक्टची मर्यादा मुळात १०,००० असते. सेकंदाला ६० फ्रेम आणि दर फ्रेमला एक बिटमॅप उरला, तर पावणेतीन मिनिटांत ती संपते आणि मग खिडकीचे काही भाग रंगायचेच थांबतात. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ हा कॉलम चालू करा; आकडा सतत चढत असेल तर गळती नक्की. खरं तर दर फ्रेमला बिटमॅप करण्याची गरजच नाही. एकदा करा, खिडकीचा आकार बदलला की नवा करा. आणि एवढं करूनही लुकलुकत असेल, तर इरेज-बॅकग्राउंडच्या मेसेजला १ परत करा, नाहीतर प्रत्येक वेळी विंडोज आधी पार्श्वभूमी पुसते.

प्रश्न: स्वतःचं ब्लिट फंक्शन लिहिलंय. २४ बिटचं (दर पिक्सेलला ३ बाइट) १०० पिक्सेल रुंदीचं चित्र नीट येतं, १०१ चं तिरकं होतं आणि रंगही बिघडतात. १०३ चं तिरकं होतं पण रंग बरोबर! हे काय गौडबंगाल? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: निरीक्षण झकास आहे, त्यातच उत्तर दडलंय. विंडोजच्या बिटमॅपमध्ये प्रत्येक ओळ ४ बाइटच्या पटीत संपते, कमी पडले तर शेवटी रिकामे बाइट भरतात. १०० × ३ = ३००, चारने भाग जातो, भरायला काही नाही. १०१ × ३ = ३०३, म्हणून ओळ ३०४ ची. तुमचं फंक्शन ३०३ नंतर पुढची ओळ सुरू झाली असं धरतं, त्यामुळे दर ओळीला एक बाइट सरकतो. निळा-हिरवा-लाल हा क्रम त्यामुळे मोडतो आणि दर तीन ओळींनी पुन्हा जागेवर येतो. १०३ × ३ = ३०९, ओळ ३१२ ची, सरक ३ बाइटची, म्हणजे नेमकी एक पिक्सेल! म्हणून रंग शाबूत, चित्र फक्त कलंडलेलं.

ओळीची लांबी अशी काढा: रुंदी गुणिले दर पिक्सेलचे बिट, अधिक ३१, त्याला ३२ ने पूर्णांक भागाकार, गुणिले ४. पुढची ओळ गाठायला कायम हीच लांबी वापरा. रुंदी फक्त किती पिक्सेल उचलायचे ते सांगते. एसडीएल या गेमसाठीच्या लायब्ररीत हीच गोष्ट ‘पिच’ नावाने आयती मिळते, तिथे गुणाकार करत बसू नका.

चित्र डोक्यावर उभं राहिलं तर दचकू नका. बिटमॅपच्या हेडरमधली (आरंभीच्या माहितीतली) उंची धन असेल तर पहिली ओळ तळाची असते. उंची ऋण दिली की वरून खाली.

प्रश्न: एकाच बफरमध्ये (पिक्सेलच्या मेमरीत) पिक्सेलच्या ओळी कॉपी करून मजकूर वर सरकवला तर ठीक, खाली सरकवला की पहिलीच ओळ सगळीकडे उमटते. – एक वाचक, पुणे

उत्तर: तुम्ही वरून खाली कॉपी करताय. ओळ ० ची प्रत ओळ १ वर पडली, मग ‘ओळ १’ म्हणून जे उचललं ते आता ओळ ० च आहे. खाली सरकवताना शेवटच्या ओळीपासून सुरुवात करा. आडवं सरकवताना हाच पेच एका ओळीच्या आत येतो. तिथे सी मधलं मेमकॉपी नको, एकमेकांवर येणाऱ्या जागाही नीट हाताळणारं मेममूव्ह घ्या.

प्रश्न: अल्फा-ब्लेंडने (पारदर्शकता धरून चित्र उतरवणाऱ्या फंक्शनने) पीएनजीचा स्प्राइट (गेममधलं छोटं चित्र) टाकला की पांढऱ्या पार्श्वभूमीवर कडा भगभगीत दिसतात. – एक वाचक, नागपूर

उत्तर: पीएनजीत रंग अल्फाने (पिक्सेल किती अपारदर्शक ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणलेले नसतात, अल्फा-ब्लेंडला मात्र गुणलेलेच लागतात. लाल २०० आणि अल्फा १२८ असेल तर लाल साधारण १०० करून द्यायला हवा. तसाच २०० दिला, तर पांढऱ्यावर २०० अधिक १२७, म्हणजे ३२७ होतात. एका बाइटात मावतात २५५. चित्र लोड करतानाच एकदा तिन्ही रंग गुणून २५५ ने भागा, दर फ्रेमला नको. प्रत्येक पिक्सेलचा अल्फा वापरायचा असेल तर अल्फा-ब्लेंडला अख्ख्या चित्रासाठी द्यायचा स्थिर अल्फा २५५ ठेवा.

प्रश्न: बिटब्लिटला शेवटी द्यायचे, पिक्सेल कसे मिसळायचे ते सांगणारे विचित्र आकडे पाठ करायचे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही, नावं वापरा. पण त्यांच्यात एक गंमत आहे. सोर्स (जिथून उचलायचं) म्हणजे सीसी आणि डेस्टिनेशन (जिथे टाकायचं) म्हणजे एए असं हेक्सात (१६ च्या पायात) धरा. दोघांचा ‘अँड’ केला तर ८८, ‘ऑर’ केला तर ईई, ‘एक्सऑर’ केला तर ६६. एसआरसी-अँड, एसआरसी-पेंट आणि एसआरसी-इन्व्हर्टच्या कोडात वरून दुसरा बाइट नेमका हाच असतो, आणि साध्या कॉपीत सीसी. ब्रशचा (रंग भरायच्या नमुन्याचा) एफ० तिसरा स्रोत म्हणून धरला की अशा २५६ क्रिया होतात. १९८५ च्या अमिगा संगणकातल्या ब्लिटरलाही (पिक्सेल हलवणाऱ्या हार्डवेअरलाही) तीन स्रोतांच्या अशाच २५६ क्रिया येत. बिटब्लिट हे नाव मात्र त्याहून जुनं, १९७५ च्या सुमाराचं. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात डॅन इंगल्स यांनी ही क्रिया आल्टो संगणकासाठी लिहिली.