इतरांचे प्रकल्प पाहून माघार घ्यावीशी वाटते तेव्हा

भौगोलिक माहिती प्रणालीवर, म्हणजे जागांची माहिती नकाशावर मांडून तपासण्याच्या, बोलण्यात सगळे ज्याला जीआयएस म्हणतात त्या तंत्रज्ञानावर, आधारलेल्या विद्यार्थी प्रकल्प स्पर्धांची मुदत जवळ आली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडून एक काळजी हमखास ऐकू येते. ‘मागच्या वर्षीचे विजेते प्रकल्प पाहिले. त्यांच्यापुढे माझा नकाशा म्हणजे पोरखेळ वाटतो. मला प्रोग्रामिंगही येत नाही. नाव मागे घेऊ का?’ या प्रश्नाला ‘घाबरू नकोस, तुझेही छान आहे’ असे उत्तर देऊन भागत नाही. ते उत्तर नकाशा न पाहताच दिलेले असते आणि विचारणाऱ्याला ते लगेच कळते. अशाच एका विद्यार्थिनीबरोबर केलेले काम तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, येथे मांडत आहे.

ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि एका मैत्रिणीबरोबर जोडीने स्पर्धेत उतरली होती. विषय तिचा स्वतःचा होता : शाळेत पायी जाणाऱ्या मुलांना वर्दळीचा रस्ता नेमका कुठे ओलांडावा लागतो आणि त्या जागी ओलांडण्याची काही सोय आहे का. दोघींनी शाळांच्या आसपास फिरून मोबाइलवर जागांची नोंद केली होती आणि क्यूजीआयएस या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये नकाशा तयार केला होता. माझ्याकडे ती आली तेव्हा झोप उडालेली होती, जेवणाकडे लक्ष नव्हते आणि लॅपटॉप उघडला की छातीत धडधडते अशी तक्रार होती. वडिलांचे म्हणणे होते की एवढा त्रास होत असेल तर स्पर्धा सोडून द्यावी. तिला मात्र सोडायचीही लाज वाटत होती आणि पुढे जायचीही.

पहिल्या भेटीत ती इतरांच्याच प्रकल्पांविषयी बोलत राहिली : कुणाच्या नकाशात त्रिमितीय इमारती उभ्या राहतात, कुणी उपग्रह प्रतिमांवर यंत्र-शिक्षण (मशीन लर्निंग) वापरले आहे. हे ऐकून घेणे आवश्यक असते, कारण तुलनेची यादी मनात दाबून ठेवली की ती वाढतच जाते. पण त्या यादीशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ‘त्यांचेही काही चुकले असेल’ असे म्हणणे म्हणजे तुलनाच चालू ठेवणे. दुसऱ्यांचा प्रकल्प आपल्याला पूर्ण झालेल्या रूपात दिसतो आणि स्वतःचा मात्र सगळ्या खाडाखोडीसह, एवढेच मी तिला सांगितले आणि पुढच्या भेटीला नकाशा घेऊन यायला सांगितले.

मी भूगोलाची अभ्यासक नाही, पण त्यासाठी तशी गरजही नव्हती. पडद्याच्या डाव्या बाजूला नकाशातील थरांची, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या माहितीच्या पानांची, यादी असते. ती वरून खाली वाचायची आणि प्रत्येक थर कशासाठी घेतला हे मला एका वाक्यात सांगायचे, एवढेच काम मी तिला दिले. रस्त्यांचा थर आला, तो तिने न अडखळता सांगितला : तो ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेला होता, २००४ मध्ये सुरू झालेला आणि स्वयंसेवकांनी घडवलेला हा नकाशा वापरताना त्यांना श्रेय देणे बंधनकारक असते, आणि तिने ते दिले होते. शाळांचा थर, ओलांडण्याच्या जागांचा थर, हेही ठीक झाले. मग हिरवळ दाखवणारा उपग्रह प्रतिमेचा थर आला आणि ती थांबली.

‘हा कशासाठी?’ मी विचारले.

‘मॅडम, मागच्या वर्षी पहिल्या आलेल्या प्रकल्पात होता.’

त्यानंतरच्या उंचसखलपणाच्या थराचेही उत्तर जवळजवळ तेच आले. छातीतील धडधड कुठून येत होती हे मला त्या क्षणी उमगले. परीक्षकांनी या थरांविषयी विचारले तर आपल्याकडे उत्तर नाही, हे तिला आतून माहीत होते. काळजी इतरांच्या नावाने व्यक्त होत होती, तरी तिचे मूळ स्वतःच्याच नकाशातील उसन्या भागांत होते. हे सांगताना मी फार जपून शब्द निवडले, कारण अशा वेळी मुले ‘म्हणजे मी नक्कल केली’ असा निष्कर्ष काढून स्वतःलाच दोष देऊ लागतात. मी तिला विचारले ते इतकेच : हे थर काढून टाकले तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर बदलते का?

ती हा प्रश्न आपल्या प्राध्यापकांकडे घेऊन गेली आणि तेथे जे कळले ते तिने मला मोठ्या उत्साहाने सांगितले. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमेत हिरवळ ओळखण्यासाठी वापरायच्या प्रकाशाच्या मुख्य पट्ट्यांत एक चौकट, म्हणजे प्रतिमेतील सर्वांत लहान ठिपका, जमिनीवरील १० मीटरची असते. तिने वापरलेली, २००० मध्ये अवकाशयानातून रडारने मोजलेली उंची सुमारे ३० मीटरच्या चौकटीत मिळते. पदपथाची कड किंवा रस्त्यावरचे पांढरे पट्टे त्यात दिसणे शक्यच नाही. ज्या थरांपुढे तिला आपण कमी पडतो असे वाटत होते, ते तिच्या प्रश्नाला स्पर्शही करत नव्हते. दोन्ही थर तिने स्वतःहून काढले.

मात्र एक अडचण काढून टाकण्याने सुटणारी नव्हती आणि झोप न लागण्याचे खरे कारण तीच होती, हे तिने बऱ्याच उशिरा, खाली मान घालून सांगितले. मोबाइलवर नोंदलेले काही बिंदू नकाशावर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, तर एखादा थेट इमारतीच्या आत पडत होता. तिने ते माउसने ओढून योग्य जागी नेले होते. ‘ही फसवणूक झाली ना, मॅडम?’

मोकळ्या आकाशाखालीही मोबाइलच्या जीपीएसमध्ये साधारण ५ मीटरची चूक धरून चालावे लागते. उंच इमारतींमध्ये उपग्रहांचे संकेत भिंतींवर आदळून येतात आणि ही चूक आणखी वाढते. रस्त्याची कोणती बाजू हाच प्रश्न असेल, तर एवढ्या चुकीने उत्तर फिरू शकते. त्यामुळे प्रत्यक्ष पाहिलेल्या जागी बिंदू आणणे यात गैर काही नव्हते. गैर होते ते त्याची नोंद नसणे. सुदैवाने मूळ नोंदी मोबाइलमध्ये शाबूत होत्या. दोघींनी तक्त्यात मूळ अक्षांश-रेखांश, सुधारलेले अक्षांश-रेखांश आणि सुधारण्याचे कारण असे वेगवेगळे रकाने केले. ज्या जागांबद्दल खात्री नव्हती तेथे त्या पुन्हा जाऊन आल्या. धास्तीवर मी वर्षानुवर्षे श्वसनाचे आणि शिथिलीकरणाचे उपाय शिकवत आले आहे आणि तिलाही ते शिकवले. तरीही मी खात्रीने सांगते की तिची झोप परत आली ती त्या रकान्यांमुळे. लपवलेल्या गोष्टीची भीती उघड नोंदीपुढे टिकत नाही, असे निदान तिच्या बाबतीत तरी स्पष्ट दिसले.

आता नकाशाकडे ती निर्भयपणे पाहू लागली होती आणि म्हणूनच तिला एक अधिक गंभीर उणीव सापडली. कुठे किती नोंदी आहेत ती घनता रंगाने दाखवणाऱ्या थरात एका शाळेभोवती गडद लाल रंग होता आणि ‘येथे धोका सर्वाधिक’ असे शीर्षक तिने दिले होते. पण त्या शाळेभोवती दोघी सर्वाधिक फिरल्या होत्या. जिथे जास्त फिरल्या तिथे जास्त नोंदी झाल्या आणि जिथे नोंदी जास्त तिथे रंग गडद झाला. ही गोष्ट मला कुणी सांगितली नसती तर कळलीही नसती. पूर्वीच्या मनःस्थितीत हे लक्षात आले असते तर ती कोसळली असती. या वेळी तिने घनतेचा थर काढला, प्रत्येक शाळेभोवती कोणत्या रस्त्यांची पाहणी झाली आणि कोणत्या रस्त्यांची राहिली हे वेगळ्या रंगाने दाखवले आणि शीर्षक बदलले. नकाशा पूर्वीपेक्षा साधा दिसू लागला. मैत्रिणीला ते आवडले नाही, ‘आता हा स्पर्धेचा वाटतच नाही’ असे ती म्हणाली, आणि दोघींमध्ये दोन-तीन दिवस ताणाताणीही झाली. जोडीच्या प्रकल्पात हा ताण येतोच. एकीची भीती कमी होते तेव्हा दुसरीची वाढते. पुढच्या भेटीला दोघी एकत्र आल्या.

त्या भेटीत मी त्यांना १८५४ च्या लंडनमधील पटकीच्या साथीचा नकाशा दाखवला. पटकी दूषित पाण्यातून पसरते असे म्हणणाऱ्या जॉन स्नो या डॉक्टरांनी मृत्यू झालेल्या प्रत्येक घरापाशी लहान रेघा आणि पाण्याचे पंप एवढेच त्यावर दाखवले होते. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवती रेघांची गर्दी दिसते, पण स्नो तेवढ्यावर थांबले नाहीत. पंपाजवळ असूनही जिथे मृत्यू कमी होते त्या जागांची त्यांनी चौकशी केली. जवळच्या दारूभट्टीतील कामगार त्या पंपाचे पाणी पीत नसत आणि गरिबांसाठीच्या आश्रयगृहाला स्वतःची विहीर होती. आपल्या म्हणण्यात न बसणाऱ्या जागा लपवण्याऐवजी त्यांनी त्या तपासल्या. मैत्रीण बराच वेळ त्या नकाशाकडे पाहत होती. नंतर पाहणी न झालेले रस्ते सादरीकरणात शेवटी न ठेवता सुरुवातीलाच दाखवू, असे तिनेच सुचवले.

परीक्षकांनी बिंदू हलवल्याबद्दल विचारले आणि तिने तक्ता उघडून दाखवला. प्रकल्पाला पहिल्या तीनांत स्थान मिळाले नाही. दोघी निराश झाल्या आणि ती निराशा मी घाईने पुसायला गेले नाही. मेहनत केलेल्या माणसाला वाईट वाटण्याचा हक्क असतो. मात्र रात्र रात्र जागणारी पूर्वीची धास्ती परतली नाही.

माघार घेऊच नये असे माझे मत मुळीच नाही. परीक्षा, आजारपण किंवा घरातील अडचण यांमुळे मुदत पाळणे खरोखरच अशक्य असेल, किंवा हे सगळे करूनही झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे ताळ्यावर येत नसेल, तर नाव मागे घ्यावे आणि गरज असेल तर डॉक्टरांनाही भेटावे, असा सल्ला मी काही विद्यार्थ्यांना दिलेला आहे. पालकांना माझी विनंती वेगळी आहे. मूल ‘माझे काहीच बरोबर नाही’ असे म्हणू लागले तर त्याला शेजारी बसवून नकाशा उघडायला सांगावा आणि त्यातले एकेक काय आहे ते समजावून घ्यावे. तुम्हाला जीआयएस येत नाही ही अशा वेळी सोयीचीच गोष्ट ठरते, कारण मग मुलाला सगळे साध्या शब्दांत सांगावे लागते आणि ते कुठे अडखळते हे दोघांनाही दिसते. या विद्यार्थिनीच्या वडिलांनी नंतर हेच केले. त्या रात्री त्यांनी विचारलेला प्रश्न, मुले सकाळी आणि सुटल्यावर एकाच जागी रस्ता ओलांडतात का, हा दोघींच्या डोक्यात आलाच नव्हता. सध्या त्या त्याचीच पाहणी करत आहेत.