कैची लागण्याआधी : कुरळ्या केसांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय ३६ असून मी सांगलीजवळच्या एका शाळेत शिकवते. माझे केस मुळाशी लाटदार आणि टोकांकडे चांगलेच कुरळे आहेत. पार्लरमध्ये केस ओले करतात, कंगव्याने सरळ ताणून कापतात आणि मग ब्लो-ड्राय करून देतात. त्या संध्याकाळी केस सुंदर दिसतात. पण दोन दिवसांनी न्हाले की खांद्यापर्यंत ठेवलेले केस हनुवटीपर्यंत चढतात आणि डोक्यावर चपटे, खाली पसरलेले असे त्रिकोणी दिसू लागतात. “तुमचे केसच असे आहेत, स्मूदनिंग करून घ्या,” असे मला आतापर्यंत तीन ठिकाणी ऐकावे लागले. खोट माझ्या केसांत आहे की कापण्यात? आणि पार्लरमध्ये गेल्यावर नेमके काय सांगावे?

उत्तर : खोट कापण्यात आहे, आणि त्याहीपेक्षा कापण्याआधी न झालेल्या बोलण्यात आहे. ओला केस ताणला तर तो त्याच्या लांबीच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. सरळ केस सुकल्यावर जवळजवळ होता तिथेच येतो. कुरळ्या केसाचा मात्र ताणही सुटतो आणि वळणही परत येते, त्यामुळे तो दुहेरी आखडतो. शिवाय डोक्यावरच्या सगळ्या केसांचे वळण सारखे नसते. मानेवरचे केस बहुधा अधिक घट्ट वळलेले, तर माथ्यावरचे सैल असतात, म्हणून ओल्या केसांत फुटपट्टीसारखी सरळ आलेली रेघ सुकल्यावर सरळ राहत नाही.

ब्लो-ड्रायने ही चूक झाकली कशी जाते, तेही समजून घ्या. केसातील प्रथिनांना धरून ठेवणाऱ्या बंधांपैकी हायड्रोजनचे बंध पाण्याने सुटतात आणि सुकताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ब्रशने ओढून वाळवलेला केस म्हणूनच सरळ राहतो, आणि पुढच्या न्हाण्यापर्यंतच राहतो. पावसाळी हवेत तर तेवढाही नाही. ब्लाऊज हॅंगरवर कितीही छान दिसला तरी खांदा चुकला आहे की नाही हे अंगात घातल्यावरच कळते, तसेच हे आहे. माझ्या मते कुरळे केस कापल्यानंतर सरळ ब्लो-ड्राय करून घेणे म्हणजे काम न तपासताच पैसे देणे होय.

आता त्रिकोणाविषयी. सगळे केस एकाच लांबीवर कापले की वजन केसांना माथ्याशी खाली ओढते आणि टोकांची सगळी वळणे एकाच पातळीवर येऊन बाहेर फुगतात. यावर लेयर, म्हणजे वरचे केस खालच्यांपेक्षा आखूड ठेवून टप्प्याटप्प्याने कापणे, हा उपाय आहे. मात्र लेयर लांब आणि हळूहळू उतरत जाणारे असावेत, फार वरून सुरू होणारा स्टेप कट नको, कारण वरचे आखूड केस आखडून छत्रीसारखे उभे राहतात. “केस फार दाट आहेत, थोडे हलके करते,” असे म्हणून दातेरी कैची हातात घेतली गेली, तर नम्रपणे पण स्पष्टपणे थांबवा. त्या कैचीने बटेच्या मध्येच आखूड केस तयार होतात, ते बटेबरोबर वळत नाहीत आणि तिला आतून पिंजारून बाहेर ढकलतात. ब्लेडने टोके खरवडून कापण्यालाही माझा हाच आक्षेप आहे.

पार्लर निवडताना आधी फोन करून एवढेच विचारा : “तुमच्याकडे डिफ्युझर आहे का, आणि कुरळे केस कुरळेच ठेवून वाळवून देता का?” डिफ्युझर म्हणजे ड्रायरच्या तोंडाला लावायचे, भोके असलेले पसरट भांडे, त्यातून वारा एका जागी न लागता पसरतो आणि बट विसकटत नाही. “हो, टाँगने कर्ल करून देतो,” (टाँग म्हणजे केस गुंडाळून वळवायची तापती सळई) असे उत्तर आले तर तुमचा प्रश्नच त्यांना समजलेला नाही असे धरा आणि दुसरा नंबर फिरवा.

जाण्याच्या आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता, आपल्या वळणात सुकू द्या आणि अंबाडा किंवा क्लिप न लावता मोकळे सोडूनच जा. केस घट्ट बांधून गेलात तर बांधल्याचे वळण दिसेल, तुमचे नाही. खुर्चीत बसल्यावर पाण्याचा स्प्रे उचलला जाण्याआधी कापणारीला केस कोरडे पाहू द्या, हाताने चाचपू द्या आणि लांबी सांगताना इंच सांगण्याऐवजी बोट लावून दाखवा : “सुकल्यावर बट इथपर्यंत आली पाहिजे.” फोटो दाखवणार असाल तर तुमच्यासारखेच वळण असलेल्या व्यक्तीचा दाखवा, टाँगने वळवलेल्या अभिनेत्रीचे केस पाहून कोणीही तुमचे केस तसे कापू शकणार नाही.

अमेरिकेत आणि आता आपल्या मोठ्या शहरांतही कुरळे केस कोरडेच, एकेक बट हातात धरून कापण्याची पद्धत रुळली आहे. ती चांगली आहे, पण ती येत नाही म्हणून तुमच्या गावातल्या कुशल बाईंना नाकारण्याचे कारण नाही. केस कोरडे पाहून, मग ओले करून, न ताणता आणि ठरल्यापेक्षा थोडे लांब राखून कापले, आणि सुकल्यावर उरलेले टिपले, तरी काम उत्तम होते. पहिल्या भेटीत मात्र फक्त टोके आणि थोडा आकार, एवढेच करून घ्या. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे दोन इंचांची चूक भरून यायला चार-पाच महिने जातात.

शेवटचा भाग वाळवण्याचा. कंडिशनर केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवायचा, पाणी निथळत असतानाच धुवायचे नसलेले क्रीम आणि त्यावर जेल लावायचे, टोकांकडून मुळांकडे मुठीत हलकेच चुरायचे आणि डिफ्युझर मंद उष्णतेवर धरायचा. केस पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. जेलमुळे ते पापडासारखे कडक होतात, तेव्हा घाबरू नका. सुकल्यावर तळहातांनी चुरले की कडकपणा जातो आणि वळण राहते. हे पार्लरमध्ये एकदा करवून घेताना आरशात नीट पाहा, कारण घरी तेच तुम्हाला करायचे आहे. घरी टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुना मऊ पंचा वापरा.

कुरळ्या केसांसाठीच्या क्रीम-जेलच्या बाटल्यांवर २-बी, ३-ए असे जे लिहिलेले असते, ते अमेरिकन केशकार आंद्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात रूढ केलेल्या वर्गवारीतून आलेले आहे : १ म्हणजे सरळ, २ लाटदार, ३ कुरळे, ४ अगदी बारीक वळणाचे. बोलण्याच्या सोयीपुरती ती ठीक आहे. तुमच्या वर्णनावरून तुमच्या एकाच डोक्यावर २ आणि ३ दोन्ही नांदत आहेत, आणि तसे असणे अगदी नेहमीचे आहे.

स्मूदनिंगचे म्हणाल, तर ती आवड म्हणून कोणी करून घेत असेल तर तिचा निर्णय. मात्र वाईट कापणीवरचा उपाय म्हणून ती करू नये. त्यात केसाचे पक्के, गंधकाचे बंध रसायनाने तोडून सरळ स्थितीत पुन्हा जोडतात. तेवढ्या भागाचे वळण परत येत नाही आणि मुळातून नवे केस कुरळेच येतात, त्यामुळे सहा महिन्यांत एकाच केसाची दोन रूपे दिसतात. ‘केराटिन’ या नावाने होणाऱ्या काही उपचारांत तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटते, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणले. त्याऐवजी वापरात आलेले ग्लायऑक्झिलिक आम्लही निर्धोक म्हणता येत नाही : फ्रान्समधील डॉक्टरांनी २०२४ साली २६ वर्षांच्या एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली, तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली. ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ एवढ्या शब्दावर समाधान न मानता डबा मागून घटकांची यादी वाचा.

प्रश्न : वैशाखात माझे लग्न आहे, कार्यालय रत्नागिरीत. मला माझे कुरळे केस मोकळे ठेवून एका बाजूला गजरा माळायचा आहे. ब्युटिशियन म्हणतात की आधी केस प्रेसिंग करून सरळ करू आणि मग टाँगने सारखे कर्ल पाडू. हे आवश्यक आहे का?

उत्तर : आवश्यक नाही, आणि रत्नागिरीच्या वैशाखात ते टिकणारही नाही. आधी सांगितलेले तेच कारण : उष्णतेने दिलेला आकार दमट हवा तासाभरात मोडते आणि खालचे नैसर्गिक वळण अर्धवट वर येते, म्हणजे मुहूर्ताला एक रूप आणि पंगतीला दुसरे. नैसर्गिक वळण मात्र हवेशी भांडत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी केस धुऊन नेहमीपेक्षा जास्त जेल लावून डिफ्युझरने पूर्ण वाळवा, कारण आत ओल राहिली तर सकाळी ते फुगतात. रात्री साटीन किंवा रेशमी कापडाच्या उशीवर, केस माथ्यावर सैल गोळा करून झोपा. सकाळी ब्युटिशियनने चेहऱ्याजवळच्या फिसकटलेल्या पाच-सात बटांनाच टाँग लावावा, तोही पूर्ण कोरड्या केसाला. ओल्या केसाला तापलेला टाँग लावला की आतल्या पाण्याची वाफ होऊन केस आतून फुटतो. ग्लिसरीन बरेच असलेले जेल त्या दिवसापुरते टाळा, ते दमट हवेतले पाणी केसात ओढते. गजऱ्यासाठी कानामागची एक जाड बट पिनांनी घट्ट बसवून घ्या आणि गजरा त्या पिनांना अडकवा. मोकळ्या वळणात खोचलेला गजरा घसरतो. हे सगळे महिनाभर आधी एकदा करून पाहा, आणि दुपारी बाहेर पडून घाम येऊ द्या. एसीच्या खोलीत झालेली तालीम उपयोगाची नाही.

प्रश्न : आम्ही लातूरला राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचे केस फार कुरळे आहेत. रोज सकाळी वेणी घालताना रडारड होते. पार्लरमध्ये लहान मुलांसाठी सौम्य स्मूदनिंग असते असे सांगितले. करावे का?

उत्तर : नाही. नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्याला ही रसायने लावू नयेत, मग त्यांना कोणी सौम्य म्हणो. तिची रडारड केसांमुळे नसून कोरडे केस मुळापासून विंचरण्यामुळे आहे. कोरडे कुरळे केस विंचरू नका. न्हाताना कंडिशनर लावून, टोकांपासून वर येत गुंता सोडवा आणि दोन सैल वेण्या घाला, त्या दोन दिवस राहतील. न्हाण्याआधी खोबरेल लावत असाल तर चालू ठेवा. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल केसाच्या आत शिरून प्रथिनांची झीज कमी करते, सूर्यफुलाचे आणि खनिज तेल तसे करत नाही, असे दिसले होते. शिकेकाई वापरत असाल तर पूड थेट लावू नका, काढा फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर कण वळणांत अडकून बसतात. बोअरचे पाणी असेल तर त्यातील क्षारांनी केस राठ होतात. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घाला. पार्लरमध्ये तिला न्यायचेच असेल तर तीन-चार महिन्यांनी टोके कापण्यापुरते न्या.

प्रश्न : मी पुरुष आहे, ठाण्यात राहतो. माझे कुरळे केस वाढवायचे आहेत, पण सलूनवाले दादा प्रत्येक वेळी मशीन फिरवतात.

उत्तर : मशीन कान आणि मानेपुरते ठेवायला सांगा आणि माथ्यावर फक्त कैची. माथ्यावरचे केस निदान तीन-चार इंच झाल्याशिवाय वळण पूर्ण दिसत नाही, तोपर्यंत ते नुसते फुगलेले वाटतात आणि बहुतेक जण नेमके त्याच महिन्यात कंटाळून कापून टाकतात. त्या काळात दादांकडे जा, पण बाजू आणि मान साफ करून घेण्यापुरते; खुर्चीत बसण्याआधीच सांगा, कारण एकदा मशीन सुरू झाले की गप्पांच्या नादात ते कुठवर गेले हे दोघांच्याही लक्षात राहत नाही.