मोटर न्यूरॉन डिसीजच्या रुग्णासाठी घरी ऑक्सिजन सिलिंडर आणून ठेवावा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: मामांच्या चेतापेशींचं नेमकं काय होतंय, आणि रात्री त्यांना दम लागतो म्हणून सिलिंडर आणावा का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नका आणू. बायपॅप, म्हणजे मास्कमधून हवा आत ढकलून श्वासाला मदत करणारी मशिनं घरोघरी लावून देणं हे माझं काम, आणि या सिलिंडरवरून माझं नातेवाइकांशी जितकं वाजलंय तितकं दुसऱ्या कशावरूनच नाही.

पहिल्याचं थोडक्यात. हालचालीचा हुकूम दोन टप्प्यांत जातो: मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत एक पेशी, तिथून स्नायूपर्यंत दुसरी. वरची मेली की हातपाय ताठरतात, खालची मेली की स्नायू सुकतो आणि कातडीखाली फडफडत राहतो. बहुतेक रुग्णांत टीडीपी-43 हे प्रोटीन पेशीच्या केंद्रकातून बाहेर येऊन गोळा झालेलं सापडतं. स्पर्श कळतो, डोळे फिरतात, लघवीवरचा ताबा सहसा राहतो. दहातल्या नऊ जणांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो, त्यामुळे कुणाच्या खाण्यापिण्याला दोष देत बसू नका. औषध म्हणजे रिल्युझोल, 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी, आणि लिव्हरच्या तपासण्या वेळेवर. त्याने काही महिने वाढतात, गेलेली ताकद परत येत नाही.

आता श्वास. मामांची फुफ्फुसं बहुधा ठणठणीत आहेत, भाता ओढणारा हात थकलाय. हा हात म्हणजे छातीखालचा श्वासपटल. त्याच्या पेशी मानेतल्या मज्जारज्जूत असतात आणि त्याही याच आजारात मरतात. आडवं झालं की पोटातले अवयव त्याला वर ढकलतात. त्यात स्वप्नांच्या झोपेत बाकीचे श्वासाचे स्नायू ढिले पडतात आणि सगळा भार या एकट्यावर येतो. म्हणून त्रास आधी रात्री दिसतो: दोन-तीन उशा लागणं, दचकून उठणं, सकाळी डोकं जड, दिवसा बोलता बोलता पेंग. दिवसा बोटावरचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र 96 टक्के दाखवतं आणि घरचे निश्चिंत होतात.

हवा आत-बाहेर कमी झाली की कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि बोटावरच्या यंत्राला तो दिसत नाही. वर ऑक्सिजन सोडलात की आकडा 98 होतो. पण श्वास घ्यायची मेंदूची निकड आणखी कमी होते, कार्बन डायऑक्साइड चढत जातो आणि पहाटे माणूस हाक मारून उठत नाही. आकडा सुधारतो, माणूस बिघडतो. ‘घरात असलेला बरा’ म्हणून आणलेला सिलिंडर रात्री दोन वाजता कुणीतरी लावतंच.

त्याऐवजी छातीच्या डॉक्टरांकडून फुफ्फुसाची क्षमता बसून आणि झोपून मोजून घ्या, सोबत रक्तातला कार्बन डायऑक्साइडही. वय-उंचीप्रमाणे जितकी असायला हवी त्याच्या निम्म्यावर क्षमता आली किंवा वरची लक्षणं दिसली, तर बायपॅप. सीपॅप (सतत एकाच दाबाची हवा देणारं मशीन) नव्हे, तो स्वस्त पडतो, पण श्वास आत ढकलत नाही. मशिनला एसटी मोड हवाच, म्हणजे रुग्णाने श्वास घेतला नाही तर ते स्वतः देतं. सुरुवात साधारण श्वास आत घेताना 8 ते 10, बाहेर सोडताना 4 (सेंटिमीटर पाण्याच्या मापात) अशा दाबाने, पुढे डॉक्टर सांगतील तसं हळूहळू वाढवायचं. पहिले चार-पाच दिवस मास्क दुपारी, बसून, टीव्ही बघताना अर्धा-पाऊण तास लावा. पहिल्याच रात्री आठ तास लावलात तर मामा तो फेकून देतील आणि मग मशीन कपाटावर जाईल. नाकाच्या हाडावर लाली दिसली की पट्टे सैल करा, जखम होईपर्यंत थांबू नका. लाळ फार असेल तर आधी तिचं औषध सुरू करा, नाहीतर मास्कखाली गुदमरायला होतं. मशीन इन्व्हर्टरवर घ्या.

हात चालत नसलेला माणूस उलटी आली तरी मास्क काढू शकत नाही, म्हणून त्याच खोलीत कुणीतरी झोपायलाच हवं. हे काम बहुतेक घरांत एकट्या बाईवर पडतं आणि सहा महिन्यांत ती मोडते. मामींच्या रात्री आजच वाटून घ्या. ‘आम्ही आहोत ना’ म्हणणाऱ्यांना वार नेमून द्या.

अन्न देण्यासाठी पोटात बसवायची नळीही श्वासाशी बांधलेली आहे. क्षमता निम्म्याखाली गेल्यावर ती बसवणं जोखमीचं होतं, त्यामुळे ‘अजून गिळता येतंय’ म्हणून टाळू नका. पाण्याचा ठसका लागतो हीच सूचना समजा. आणि ‘त्यांना सांगू नका’ हे डॉक्टरांना दाराआड सांगणं बंद करा. पुढे गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर हवा की नको, हे मामांनीच सांगायचं आहे, तेही जीभ चालतेय तोवर. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेलं असं इच्छापत्र मान्य केलं आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. बँकेचं खातंही सही जमतेय तोवर जोडनावावर करा.

एक राहिलं. न्यूमोनिया झाला किंवा दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार) आधीपासून असेल, तर ऑक्सिजन लागू शकतो. पण तो बायपॅपच्या नळीला जोडून, डॉक्टरांनी सांगितलेल्या लिटरनेच. अखेरच्या दिवसांत निव्वळ आराम पडावा म्हणून देतात, तो विषय वेगळा.