सॅकमध्ये काय न्यावं? आधी जुनं सुती लुगडं

सॅक हलकी ठेवून चार कामांना येईल अशी एकच वस्तू कोणती न्यावी, असं तुम्ही विचारलंय. जुनं सुती लुगडं न्या. अख्खं नऊवारी नको, अर्धं फाडून. साडेचार वार पुरतं.

मी साताऱ्याचा. वासोट्याला, कोयनेच्या जंगलातल्या गडावर, निघताना आजीचं असं अर्धं लुगडं सॅकमध्ये घातलं तर मावसभाऊ म्हणाला, "ते बोहारणीला दे, मायक्रोफायबरचा टॉवेल घे." त्याचं सगळं सामान नवंकोरं. बामणोलीहून लाँचनं शिवसागर जलाशय ओलांडला, गड बघितला आणि उतरताना त्याचाच पाय मुरगळला. वासोट्यावर मुक्कामाला परवानगी नाही, अंधाराच्या आत लाँच गाठावीच लागते. अभयारण्य असल्यानं काठीसाठी फांदीही तोडायची नाही.

त्याला बूट काढू दिला नाही. सुजलेला पाय परत आत जात नाही. लुगड्याच्या काठाची चार बोटं रुंद पट्टी फाडली, बुटावरूनच तळव्याखालून घेऊन घोट्याभोवती आठाच्या इंग्रजी आकड्यासारखी आवळली. सपाटीला तो लंगडत चालला, उताराला जमेना. मग त्याला पाठीवर घेतलं, उरलेलं लुगडं त्याच्या बुडाखालून काढून दोन्ही टोकं माझ्या खांद्यांवरून पुढं आणली, छातीवर पीळ देऊन कमरेला गाठ मारली. असं बांधलं की ओझं खांद्यांवर येतं आणि झाडं धरायला हात मोकळे राहतात. थांबत थांबत खालच्या ओढ्यापर्यंत असाच आणला.

तो अजून म्हणतो, बूट भारी होते म्हणून निभावलं. बुटांनी त्याला उचललं नव्हतं.

एरवी तेच लुगडं उन्हात डोक्याला, दुपारी दोन झाडांमध्ये सावलीला, रात्री अंगाखाली. चार पदर करून पाणीही गाळता येतं, पण उकळल्याशिवाय पिऊ नका. त्यासाठी झाकणाचं स्टीलचं पातेलं न्या, चहा-भात त्यातच होतो. पावसाला खताच्या पोत्याची खोळ.

हां, भर पावसाळ्यात सूत वाळत नाही, अंगावर गार पडतं. तेव्हा आणि हिमालयात लुगड्याच्या भरवशावर जाऊ नका. सिंथेटिक साडीही नको, गाठ सटकते. हाड मोडल्याची शंका असेल तर पायावर भार देऊच नका.

पट्टी फाडलेली कड मी दुमडून शिवून घेतली आहे. मावसभावाला हवं असेल तर मावशीच्या ट्रंकेत तसली दोन आहेत, मी बघितलीत.