समुद्राचा हिशेब: मालवणच्या एका वडिलांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुम्ही लिहिता, ‘मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. आता म्हणते, देशाच्या हिशेबात समुद्राचं मोल मांडायचं काम करणार. समुद्राचं कसलं मोल? आणि यात नोकरी आहे का?’

पहिलं उत्तर तुमच्याच होडीत आहे. लिलावाच्या पैशांतून डिझेल, बर्फ वजा केलं की जे उरतं, साधारण तीच मासेमारीची जीडीपीतली भर. पण यंदा पिल्लांसकट मासळी ओढून काढली, तर यंदाचा आकडा फुगतो. पुढच्या हंगामासाठी पाण्यात काय उरलं, हे त्यात कुठेच दिसत नाही. लाटांचा मारा अडवणाऱ्या कांदळवनाला कुणी मजुरी देत नाही, म्हणून तेही हिशेबाबाहेर. ही राहून गेलेली बाजू तुमच्या मुलीला लिहायची आहे. मला तिचं फार कौतुक वाटलं.

हे काम नवं असलं तरी हवेतलं नाही. पोर्तुगालच्या सांख्यिकी संस्थेने २०१६ मध्ये समुद्राचा स्वतंत्र लेखा प्रसिद्ध केला. २०१० ते २०१३ या काळात देशाच्या सकल मूल्यवर्धनात, म्हणजे सगळ्या धंद्यांच्या अशा भरीच्या बेरजेत, समुद्राचा वाटा सुमारे ३.१ टक्के निघाला. तो काढताना खरी डोकेफोड असते ती वाटणीची: तारकर्लीच्या एखाद्या हॉटेलची कमाई समुद्राच्या नावावर किती टाकायची? निसर्गाचा हिशेब मांडायची चौकट संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२१ मध्ये स्वीकारली. आपलं केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयही पर्यावरणाचे लेखे प्रसिद्ध करतं.

आता नोकरी. ‘समुद्राचा हिशेबनीस पाहिजे’ अशी जाहिरात येणार नाही. म्हणूनच तिने संख्याशास्त्र सोडून सागरी जीवशास्त्राकडे वळू नये, असं माझं ठाम मत आहे. पदवीला संख्याशास्त्र असलं की यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते. सरकारी आकडेवारीच्या कामात शिरायचा तो थेट रस्ता. जागा थोड्या असतात, तेव्हा सोबत एम.एस्सी. करू द्या. अर्थशास्त्राची ओढ वाटली, तर पुण्याची गोखले संस्था किंवा मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, पण तिथे गणित पक्कं लागतं. नकाशांवर काम करायचं जीआयएस मात्र आत्तापासून शिकावं. कांदळवन किती वाढलं, किती घटलं, हे त्यावरूनच कळतं.

आणि सुट्टीत तिला बंदरावर बसवा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं ठरावीक दिवशी, निवडक होड्यांची मासळी मोजून सगळ्या किनाऱ्याचा अंदाज बांधतात. तिनेही महिनाभर रोज चार होड्या निवडाव्यात. कोणती मासळी, किती किलो, केवढ्या आकाराची, काय भाव, डिझेल किती जळलं, हे वहीत लिहावं. होडीवाले तिला खरे आकडे सांगतील, कारण ती तुमची मुलगी आहे. महिना झाला की ती वही मला पाठवा.