ऑटोमॅटिक गाडीने ड्रॅग रेस करायला ड्रायव्हरचं स्किल लागतं का, की नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा?

लागतं, आणि भरपूर लागतं. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्यांची सरळ पट्टीवरची शर्यत. तुमचं म्हणणं असं की क्लच नाही, गिअर गाडीच टाकते, मग ड्रायव्हर करतो काय. मी न्यू जर्सीत राहतो, सीझनमध्ये ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवे या ड्रॅग ट्रॅकला ऑटोमॅटिक व्ही-८ (आठ सिलिंडरची गाडी) घेऊन जातो, आणि पुण्याहून आलेले मित्रसुद्धा मला हेच विचारतात. त्यांना मी एवढंच सांगतो की इकडचे बरेच मुरलेले ब्रॅकेट रेसर मुद्दाम ऑटोमॅटिकच घेतात. जीएमचा (जनरल मोटर्सचा) पॉवरग्लाइड गिअरबॉक्स, फक्त दोन गिअर, कंपनीने १९७३ मध्ये बंद केला तरी आजही ड्रॅग रेसिंगमध्ये त्याला प्रचंड मागणी आहे, कारण तो दर वेळी सारखाच पळतो.

ब्रॅकेट रेसिंगमध्ये सगळा खेळ त्या सारखेपणाचा असतो. रेसच्या आधी तुम्ही सांगायचं की माझी गाडी पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर, किती सेकंदात जाईल. त्याला डायल-इन म्हणतात. समजा मी १३.२० लिहिलं आणि बाजूच्याने ११.५०, तर मला १.७० सेकंद आधी सोडतात. आणि सांगितल्यापेक्षा फास्ट गेलात तर ब्रेकआउट, समोरचा स्वतः चुकला नाही तर तुम्ही बाद. म्हणजे गाडी किती दमदार हा विषय तिथेच संपला, राहिला फक्त ड्रायव्हर.

आता सुटताना काय होतं ते बघा. समोर ख्रिसमस ट्री, म्हणजे दिव्यांचा खांब. आधी प्री-स्टेज, मग स्टेज, दोन्ही दिवे जमिनीलगतच्या किरणांवर चालतात आणि त्या दोन किरणांत अंतर असतं जेमतेम ७ इंच. डावा पाय ब्रेकवर, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर, गाडी अक्षरशः इंचाइंचाने पुढे घ्यायची आणि स्टेजचा दिवा लागला रे लागला की थांबायचं. दोन इंच जास्त आत गेलात तर चाक किरणातून लवकर बाहेर पडतं, रिअ‍ॅक्शन टाइम (हिरव्या दिव्यापासून गाडी सुटेपर्यंतचा वेळ) बदलतो, मग तुमचं सगळं गणित हललं. मग ब्रेक दाबून ठेवूनच इंजिन वर न्यायचं, टॉर्क कन्व्हर्टरवर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो भाग) ताण घ्यायचा, पण इतकाही नाही की मागची चाकं ब्रेकला न जुमानता गाडी ढकलतील, आणि तो आरपीएमचा काटा दर वेळी त्याच जागी पाहिजे, कारण दोनशे आरपीएम इकडेतिकडे झाले तरी गाडी वेगळी सुटते. ट्रान्सब्रेक, म्हणजे गिअरबॉक्समधलाच ब्रेक, असला तर पहिला आणि रिव्हर्स दोन्ही एकदम लागून गाडी अडकून राहते आणि बटण सोडलं की सुटते, पण बटण कधी सोडायचं ते तुमचं बोटच ठरवणार ना.

तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि शेवटच्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. नवीन माणूस हिरव्याची वाट बघतो आणि तिथेच हरतो, कारण पाय उचलण्यात वेळ जातो, वर गाडीचं चाक किरणातून बाहेर पडेपर्यंत अजून वेळ. म्हणून तिसरा पिवळा दिसला की सुटायचं. हजारांश सेकंद लवकर झालं तरी लाल दिवा, म्हणजे बाद. त्या क्षणी बाजूच्या गाडीचा आवाज, तिचे दिवे, काही म्हणजे काही डोक्यात येऊ द्यायचं नाही, मला विचाराल तर यातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे.

मधला भाग पटकन सांगतो. लिव्हर D मध्ये टाकून सोडलं तर गिअर कधी पडेल ते ऑइलच्या तापमानावरसुद्धा जातं, म्हणून बरेच जण ऑटोमॅटिकमध्येही लिव्हर हातानेच टाकतात, ठरलेल्या आरपीएमला. बर्नआउटही, म्हणजे रेसआधी चाकं जागेवर फिरवून टायर तापवणं, दर वेळी तेवढाच.

खरी मजा शेवटी आहे. वरच्याच उदाहरणात माझी रिअ‍ॅक्शन ०.०३०, त्याची ०.०६०, मी १३.२२ पळालो आणि तो ११.५१. मी ०.०२ सेकंदाने जिंकलो, आणि तो साधारण ताशी १९० किलोमीटरने येतोय म्हणजे अंतर धरा एक मीटर! पण मी १३.१९ पळालो असतो तर ब्रेकआउट होऊन हरलो असतो. म्हणून शेवटच्या शंभर-दीडशे फुटांत मागे वळून बघायचं, तो किती वेगाने जवळ येतोय ते जोखायचं आणि ठरवायचं, पाय तसाच दाबून ठेवू की जरा उचलू. जास्त उचललात तर तो पुढून निघून जातो, आणि हे ठरवायला वेळ मिळतो एखादा सेकंद. कुठलाही गिअरबॉक्स हे तुमच्यासाठी करत नाही.

भारतात लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅग रेस होते तिथे डीएसजीवाल्या (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) गाड्या लाँच कंट्रोल लावून सुटतात, तिथे सुटण्याचं काम बरंचसं कॉम्प्युटर करतो हे खरं. पण एक लक्षात ठेवा, ड्रॅग स्ट्रिपवर तुमचं टायमिंग हिरव्या दिव्याला सुरू होत नाही, चाक किरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. त्यामुळे दिव्यावर झोपलात तरी टाइम स्लिपवर, म्हणजे रननंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर, टायमिंग झकास दिसेल, आणि बाजूचा मात्र रेस घेऊन गेलेला असेल. शिकायचं असेल तर रस्त्यावर अजिबात नको, अशा इव्हेंटलाच जा आणि टाइम स्लिप हातात आली की पाव मैलाचा आकडा नंतर बघा, आधी रिअ‍ॅक्शन आणि पहिल्या ६० फुटांचा टाइम बघा. हे दोन आकडे रनमागून रन जवळजवळ तेच यायला लागले की मग डायल-इन लिहायला घ्या.